एचएएनपीव्हीची बाटली: औषध चांगलं, लेबल अर्धवट

टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीवर एचएएनपीव्ही हे विषाणूचं औषध मारलं तर चालतं का, हे मला विचारणारा प्रत्येक जण पुढच्याच श्वासात सांगतो, "पण ते स्लो आहे म्हणतात." स्लो आहेच. पण आमच्या भागात ते वाया जातं ते स्लो असल्यामुळे नाही. ते चुकीच्या दिवशी मारलं जातं आणि दिवस कसा ठरवायचा हे बाटलीवर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून हा अभिप्राय जरा लांबणार आहे. नुसते तारे बघायचे असतील तर: औषधाला पाचपैकी चार, लेबलला दोन, विक्रीच्या पद्धतीला एक.

मी गणिताची बाई. जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या अलीकडे आमचं दीड एकर टोमॅटो असतं, मल्चिंग (जमिनीवरचं आच्छादन) आणि तार-काठीवर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून शेताचा हिशेब माझ्याकडे आणि फवारा पुतण्याकडे. मी शेती करते असं मी म्हणत नाही, पुतण्या तर मुळीच म्हणत नाही. पण कुठलं औषध का मारलं याची वही माझ्याकडे असते, आणि गेल्या उन्हाळी हंगामात ती वही मी कॉम्प्युटरच्या शीटमध्ये उतरवली. खाली जे आकडे येतील ते त्या शीटचे.

आधी औषध काय आहे ते. आपण हरभऱ्यात जिला घाटेअळी म्हणतो, कपाशीत हिरवी बोंडअळी म्हणतो, तीच टोमॅटोत फळ पोखरते. शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिला होणाऱ्या रोगाचा विषाणू म्हणजे एचएएनपीव्ही. हा विषाणू प्रथिनाच्या बारीक स्फटिकात बंद असतो. अळी पान खाते, स्फटिक पोटात जातो, तिचं आतडं कमालीचं अल्कधर्मी असल्यामुळे तो तिथे विरघळतो आणि विषाणू मोकळा होतो. स्पर्शाने काही होत नाही, वासाने नाही, धुराने नाही. अळीने खाल्लं तरच. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सगळं त्यातून काढता येतं.

आता बाटली. पहिली गोष्ट वास. झाकण उघडल्यावर पुतण्या दोन पावलं मागे सरकला. हे औषध जिवंत अळ्यांमध्ये वाढवतात. रोगाने मेलेल्या अळ्या वाटून, गाळून ते बनतं, त्यामुळे थोडा वास असणारच. पण बाटली फुगलेली असेल, झाकण उघडताना सोड्यासारखा आवाज आला, तर आत जिवाणूंनी संसार थाटलेला आहे असं समजून परत करावी. मला मिळालेल्या बाटल्यांपैकी एक तशी होती. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. त्याने बदलून दिली, पण वर म्हणाला, "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो, हे अळीला आजारी पाडतं, मारत नाही. सोबत एखादं कडक घ्या." आणि ही बाटली काढली कुठून, तर रस्त्याकडच्या काचेच्या कपाटातून, जिथे दुपारी दोन वाजता ऊन थेट येतं. ज्या मालाला उन्हाने धोका, तो माल उन्हात मांडलेला. विक्रीला एक तारा का, ते यावरून कळेल.

दुसरी गोष्ट मात्रा. कृषी विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या शिफारशीत लिहिलेलं असतं 'हेक्टरी २५० एलई'. बाटलीवर लिहिलेलं असतं 'एका मिलीत १ अब्ज पीओबी'. आणि दुकानात तोंडी सांगितलं जातं 'लिटरला एक मिली'. तीन माणसं तीन मापांत बोलतात आणि त्यांचा मेळ घालायची जबाबदारी शेतकऱ्यावर. मेळ असा: एलई म्हणजे पूर्ण वाढलेल्या एका रोगट अळीतून निघणारा माल, तो धरला जातो ६ अब्ज पीओबी, म्हणजे ६ अब्ज स्फटिक. २५० एलई म्हणजे १,५०० अब्ज. मिलीत १ अब्ज असलेल्या बाटलीतून ते काढायचे तर हेक्टरी १,५०० मिली, एकरी ६००. एकराला २०० लिटर पाणी लागलं तर लिटरला ३ मिली, २० लिटरच्या पंपाला ६०. दुकानातल्या तोंडी मात्रेच्या तिप्पट. जास्त तीव्रतेची बाटली असेल तर मिली कमी लागतील, पण ते तीव्रता वाचून ठरवायचं. बाटलीच्या आकारावरून नाही. हा पाचवीतल्या एककांच्या रूपांतराचा हिशेब लेबलवर दोन ओळींत छापता आला असता.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की कमी मात्रा हाच घोटाळा आहे. मलाही आकडे मांडायच्या आधी तसं वाटत होतं. शीटने वेगळंच सांगितलं.

एकरी ६०० अब्ज स्फटिक. एकर म्हणजे सुमारे ४ कोटी चौरस सेंटिमीटर जमीन. भरात आलेल्या टोमॅटोचं पान जमिनीच्या तिप्पट धरलं तर १२ कोटी चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर चौरस सेंटिमीटरला ५,०००. निम्मं औषध मल्चिंगवर आणि पुतण्याच्या पँटवर गेलं असं धरू. उरले २,५००, म्हणजे चौरस मिलिमीटरला २५. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी पहिल्या दिवसात दोन-चार चौरस मिलिमीटर पान कुरतडते, तिच्या पोटात पन्नास ते शंभर जातात. तिला मरायला मोजके लागतात, दहांच्या घरात. म्हणजे ताज्या फवाऱ्यावर जन्मलेली अळी गेली.

शेवटच्या अवस्थेतल्या अळीला मात्र हजारो पटींनी जास्त लागतात, आणि तोपर्यंत तिचा मुक्काम फळात असतो. टोमॅटोत डोकं खुपसून, मागचं अर्धं अंग बाहेर ठेवून ती जेवत असते. फळाच्या आतल्या गराला फवारा लागलेला नाही. तिच्या ताटात विषाणू शून्य. शून्याला कितीही मात्रेने गुणा.

तेव्हा अळी दिसल्यावर हे औषध मारायचं नसतं. पण आमच्याकडे औषध मारलं जातं तेच तोड्यात किडकी फळं दिसल्यावर. मग पाचव्या दिवशी अळ्या तशाच, आणि गावभर 'ते बायोवालं काही कामाचं नाही'.

आता ऊन. पानावर पडलेला विषाणू सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी मरत जातो. मी शीटमध्ये अर्धायुष्य एक दिवस धरलं. म्हणजे दर दिवसाच्या उन्हाने निम्मा संपतो. मेच्या दुपारी, वरच्या उघड्या पानावर तो याहून लवकर संपतो. आतल्या सावलीतल्या पानावर जरा टिकतो. हा आठवीतला चक्रवाढ व्याजाचा धडा, फक्त उलटा. आज चौरस मिलिमीटरला २५, उद्या १२, परवा ६, मग ३, चौथ्या दिवसाअखेर दीड. तिथे लहान अळीसुद्धा वाचायला लागते. म्हणजे एका पूर्ण फवाऱ्याचं राज्य साधारण चार दिवसांचं.

मग मात्रा दुप्पट केली तर? दुप्पट मात्रेतून फक्त एक अर्धायुष्य विकत मिळतं. चारचे पाच दिवस. पैसे दुप्पट, दिवस एक जास्त. उलट मात्रा निम्मी केली तर चारचे तीन होतात. म्हणजे तीच बाटली दोन वेळा निम्मी-निम्मी, मध्ये तीन दिवस ठेवून मारली, तर सहा दिवस राखण होते. तीन भाग केले तर प्रत्येक भाग जवळपास अडीच दिवस टिकतो, एकूण सातच्या वर. म्हणजे दुकानदाराची लिटरला एक मिली ही मात्रा स्वतःहून वाईट नाही. ती एकदाच मारून आठवडाभर वाट बघणं वाईट आहे. मी हे पुतण्याला फळ्यावर नाही, बांधावर बसून समजावलं. तो म्हणाला, "काकू, औषध वाचलं, पण मजुरी?" प्रश्न बरोबर होता. तीन फवारे म्हणजे तीन संध्याकाळी माणूस अडकणार. मजुरी धरली तर आमच्यासाठी उत्तर दोन निम्म्या फवाऱ्यांवर थांबतं. ज्यांच्या घरात मारणारा घरचाच आहे त्यांना तीन परवडतील.

पण दोन फवारे कुठले दोन दिवस, हा खरा प्रश्न. त्यासाठी दुसरा कॉलम: अळीचं वय.

शेतात कामगंध सापळे लावलेले होते, हेलील्यूरची, म्हणजे मादीच्या कृत्रिम गंधाची, गोळी घातलेले. त्यात फक्त नर पाखरं येतात, अंडी घालणारी मादी येत नाही, त्यामुळे सापळ्याचा आकडा म्हणजे किडीची शिरगणती नव्हे. पण चढउतार खरा दाखवतो. मी रोजचा आकडा न बघता तीन दिवसांची सरकती सरासरी काढते, कारण वारा सुटलेल्या रात्री सापळा उगाच रिकामा दिसतो. सरासरीने उडी मारली की तो दिवस 'शून्य'. मादी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर, फुलांजवळ एकेक सुटं अंडं घालते. अळीची वाढ साधारण ११ अंशांच्या खाली थांबते असं धरून, दिवसाच्या सरासरी तापमानातून ११ वजा करायचे आणि उरलेले अंश रोज जमा करत जायचे. एप्रिलमध्ये आमच्याकडे दिवसाची सरासरी २९च्या आसपास, म्हणजे रोज १८ जमा. अंड्याला मी ४५ धरले, म्हणजे अडीच दिवस. तिथून पुढे चार-पाच दिवस अळी पानाफुलांवर, मग फळात.

तेव्हा उन्हाळ्यात शून्य दिवसापासून तिसऱ्या संध्याकाळी पहिला निम्मा फवारा, सहाव्या संध्याकाळी दुसरा. हे सगळ्या शीटचं उत्तर, दोन आकडे. डिसेंबर-जानेवारीत दिवसाची सरासरी १९-२० वर येते, रोज आठ-नऊच जमा होतात, अंडं पाच दिवस घेतं, आणि फवारे पाचव्या आणि आठव्या संध्याकाळी सरकतात. थंडीत विषाणूसुद्धा मंद काम करतो, उन्हाळ्यातली चार-पाच दिवसांतली मर आठवड्याच्या पलीकडे जाते, आणि लोक तिथेच नाव ठेवतात. पण अळीही तितकीच मंद खाते. दोघांचं घड्याळ एकाच तापमानावर चालतं. फक्त उन्हाचं घड्याळ वेगळं: थंडीत अंडी जास्त दिवस फुटत राहतात, आणि पानावरचा विषाणू तेवढे दिवस थांबत नाही. त्यामुळे रब्बीत मला तिसरा फवारा टाळता येईल असं दिसत नाही.

सापळे नसतील तर? बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं वेळापत्रक आहे, लागवडीनंतर २८, ३५ आणि ४२ दिवसांनी, हेक्टरी २५० एलई. ते फुलोऱ्याशी जोडलेलं असल्यामुळे डोळे झाकून पाळता येतं. माझ्या हिशेबाने सात दिवसांच्या अंतरात मधले दोन-तीन दिवस उघडे पडतात, पण त्याच संस्थेची दुसरी शिफारस ते भरून काढते: टोमॅटोच्या १६ ओळींमागे एक ओळ उंच आफ्रिकन झेंडूची. झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं एकाच वेळी लावायचं, म्हणजे फुलं बरोबर एकत्र येतात. पाखरू टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालायला जातं, आणि तिथे फवारा नेमका मारता येतो. आम्ही झेंडू लावला तो बांधाकडेने, कारण पुतण्या मधली ओळ द्यायला तयार नव्हता. झेंडू दसऱ्याला येत नसेल तर त्याचा काय उपयोग, असं त्याचं म्हणणं.

मारायची पद्धत थोडक्यात. ऊन उतरल्यावरच, म्हणजे साडेपाच-सहाच्या पुढे. अख्खी रात्र विषाणूला फुकट मिळते, अळी खात असते आणि ऊन नसतं. पाण्यात थोडा गूळ, अळीने पान चाखावं म्हणून, आणि थोडीशी कपड्यांची राणीपाल. ती अतिनील किरण शोषते, म्हणून हे औषध मारणारे जुने लोक ती टाकतात. स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारा द्राव, घातला. चुन्याचं किंवा बोर्डोसारखं (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) अल्कधर्मी काहीही त्याच टाकीत नको, कारण जे अळीच्या आतड्यात व्हायचं ते टाकीतच होऊन बसेल. झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागावर जास्त, खाली कमी. गनने धो-धो नाही, बारीक नोझलने.

आता दिसलं काय. पहिल्या फवाऱ्यानंतर चार दिवसांनी पुतण्या शेतातून आला आणि म्हणाला, "एकसुद्धा मेलेली अळी दिसत नाही." दिसणार कशी? दोन मिलिमीटरची अळी मेली की वाळून पानावर काळा ठिपका राहतो, तोही वाऱ्याने जातो. या औषधाच्या जाहिरातीत जो फोटो असतो, शेंड्याला मागच्या पायांनी उलटी लटकलेली, फिकट पडून फुगलेली मोठी अळी, तो बघून लोक खूश होतात. मरायच्या आधी ती खरोखरच वर चढते. जिप्सी मॉथ नावाच्या दुसऱ्या एका पतंगावर २०११ मध्ये जे काम झालं त्यात असं दिसलं की तिला वर चढवणारं जनुक विषाणूचं आहे: अळी उंचावर फुटली की खालच्या पानांवर विषाणू शिंपडला जातो. गंमत वाटते वाचून. पण शेतात अशा लटकलेल्या अळ्या पुष्कळ दिसल्या, तर माझ्या मते तो उशीर झाल्याचा पुरावा आहे. तेवढी मोठी होईपर्यंत तिने फळं खाल्लेलीच असतात. हे औषध नीट लागू पडलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच दुकानात त्याची बाजू घेणारं कुणी नसतं.

मग मोजायचं काय, तर फळं. पुतण्याची कुरकुर सोसून मी शेवटच्या काही ओळी मुद्दाम सोडल्या होत्या. तोड्याच्या वेळी तिथली आणि इथली कॅरेट वेगळी ठेवली. फवारलेल्या भागात शंभर फळांमागे पाच-सहा किडकी, सोडलेल्या ओळींत वीसच्या आसपास. शीटने फवारलेल्या भागात तीनचा अंदाज दिला होता. फरक कुठून आला यावर मी बराच वेळ बसले. माझा तर्क असा: शीट धरतं की पान तेवढंच राहतं, पण टोमॅटोचा शेंडा रोज वाढतो. आजच्या फवाऱ्यानंतर फुटलेल्या पानावर विषाणू नाहीच, आणि पाखरू अंडं घालतं ते नेमकं तिथेच. दुसरं, सगळ्या अळ्या सारख्या नसतात, काही चिवट. सरासरी अळीवर बांधलेला हिशेब शेवटच्या चिवट पाच टक्क्यांना हरतो. पुढच्या हंगामासाठी कोवळ्या शेंड्याचा वेगळा कॉलम घातला आहे.

एकदा मारलं की रोग शेतात पसरत राहील, पुन्हा मारायची गरज नाही, असं एका पत्रकात छापलेलं आहे. हे टोमॅटोपुरतं विसरा. कीटकांच्या साथींचं गणित रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी १९८१ मध्ये मांडलं, त्याचं सार असं की अळ्यांची दाटी एका उंबरठ्याच्या वर असेल तरच रोग स्वतःच्या बळावर पसरतो. जंगलात झाडंच्या झाडं ओरबाडणाऱ्या अळ्यांत तशी साथ येते. टोमॅटोत एका झाडावर एखादी अळी म्हणजेसुद्धा मोठं नुकसान, आणि ही अळी आपल्याच भाऊबंदांना खाणारी, त्यामुळे एका फळात शक्यतो एकच. साथ पसरण्याइतक्या अळ्या शेतात झाल्या, तर शेत आधीच गेलेलं असतं. फुटलेल्या अळ्यांतून थोडा विषाणू मिळतो तो बोनस. हिशेबात धरू नये.

त्याच पत्रकातला दुसरा दावा: विषाणूला किडीत प्रतिकारशक्ती येत नाही. येते. युरोपात सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथवर असाच एक विषाणू वर्षानुवर्षं मारला गेला, सगळीकडे मेक्सिकोत सापडलेल्या एकाच वाणाचा. २००५ च्या सुमारास जर्मनीतल्या काही बागांत तो लागू पडेना. तिथली अळी हजार पटींच्या घरात चिवट निघाली, आणि तो गुण एकाच लिंग-गुणसूत्रावरून पुढच्या पिढीत जातो हेही नंतर सापडलं. त्यांनी विषाणूचे दुसरे वाण शोधून तोडगा काढला. आपल्याकडे दर वर्षी त्याच वाणाच्या बाटल्या विकायच्या असतील तर हे लक्षात ठेवलेलं बरं. सापळे, झेंडू, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर वेगळ्या गटातलं एखादं रसायन, असं आलटून पालटून हवं.

हा प्रकार नवा आहे असंही कुणी समजू नये. अमेरिकेत याच भावकीतल्या विषाणूची 'एल्कार' नावाने १९७५ मध्ये नोंदणी झाली होती. मग झटपट मारणारी पायरेथ्रॉइड औषधं आली आणि ते मागे पडलं. पुढे त्याच पायरेथ्रॉइडला हीच अळी पचवायला शिकली, हे कपाशीवाल्यांना मी सांगायला नको.

हे औषध कशावर चालत नाही, ते दुकानात सांगत नाहीत म्हणून सांगते. २०१४ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडलेली टुटा ही अळी, पानात नागमोडी चट्टे पाडून फळात बारीक छिद्रं करणारी, तिच्यावर शून्य परिणाम. पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेरावर शून्य. तिचा विषाणू वेगळा आणि बाटलीही वेगळी. पांढरी माशी, थ्रिप्स, लाल कोळी, सगळ्यांवर शून्य. याचाच दुसरा चेहरा असा की मधमाशी आणि ट्रायकोग्रामा, क्रायसोपा या मित्रकीटकांनाही काही होत नाही, आणि सकाळी तोडा असताना आदल्या संध्याकाळी मारलं तरी फळावर विषाचा अंश नाही. उन्हाळी हंगामात एक-दोन दिवसांआड तोडा चालू असतो, तेव्हा या एका गुणासाठी मी वास, फुगलेली बाटली आणि मजुरी तिन्ही सोसते. रासायनिक औषधावर 'इतके दिवस तोडू नका' लिहिलेलं असतं, आणि नारायणगावच्या बाजारात भाव चढलेला असताना ते कोण किती पाळतं हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे.

खर्चाचं म्हणाल तर औषध परवडतं. आमच्या हिशेबात दोन निम्म्या फवाऱ्यांची मजुरी औषधाच्या किमतीहून जास्त झाली. तरी क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल या रासायनिक कीटकनाशकाच्या एका फवाऱ्यापेक्षा एकूण खर्च कमीच. पण प्रामाणिकपणे सांगते, त्या एका फवाऱ्यात पुतण्याला सापळ्यातली पाखरं मोजावी लागत नाहीत, आणि त्याची किंमत त्याच्या लेखी बरीच आहे.

घ्यायचं कुणी? ज्यांच्याकडे सापळे आहेत आणि ते रोज सकाळी बघणारं घरात कुणी आहे, त्यांनी जरूर. ज्यांचं शेत दुसऱ्या गावात, आठवड्यातून एकदा चक्कर, त्यांनी झेंडू लावावा आणि ठरलेलं वेळापत्रक पाळावं. ज्यांच्या फळांना आत्ता छिद्रं दिसतायत त्यांनी या बहराला हे घेऊ नये. किडकी फळं तोडून शेताबाहेर खड्ड्यात पुरावीत आणि सापळ्यातली पुढची उडी येईपर्यंत थांबावं.

दुकानात गेल्यावर उत्पादनाची तारीख, मुदत आणि मिलीत किती पीओबी हे तीन आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बाटली काचेच्या कपाटातली नको, आतल्या खोलीतली मागा. आमच्या दुकानदाराने आता माझ्या बाटल्या फ्रिजमध्ये, थंड पेयांच्या मागे ठेवायला सुरुवात केली आहे. बाकीच्यांच्या अजून कपाटातच आहेत.